खत, पावती आणि साख

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. लवकरच त्याची झळ नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे भागांतील गावांना पोहोचली. सावकार बहुतांशी मारवाडी व गुजराती. त्यांत जैन कुटुंबेही होती. जमावाचा मुख्य रोख मात्र जिवावर नव्हे, कर्जखतांवर होता. खते हाती लागून जळाली, की लोक बहुधा परत फिरत.

ऋणकोची तक्रार केवळ व्याजाची नव्हती. खतात काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नसे. फेडीची पावती मिळत नसे. न्यायालयही खतापलीकडे पाहत नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख आणि ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव दाबणे, यांची गणना आहे. कायद्याच्या कितीतरी आधी श्रावकाला ही मर्यादा घालून दिलेली होती.

आज सावकारीस २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार परवाना आवश्यक आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. पतसंस्थांतील ठेवींना बँकांप्रमाणे ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नसते, हेही ठेवीदारांनी ध्यानात ठेवावे. नात्यातील उसनवारीसुद्धा लिहून ठेवावी आणि प्रत्येक फेडीची पावती द्यावी. पिढ्यान्‌पिढ्यांची साख अशा नोंदींवरच टिकते.