गुणक बांधलेला, घड्याळ मोकळं

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली पट्ट्यात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं लूम्सच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यावर, उभी राहिली. त्यांची पुढची पिढी साड्यांची डिझाइनं, एम्ब्रॉयडरीचं पंचिंग, हिऱ्यांचं प्लॅनिंग अशा कामांना संगणकासमोर बसते. जिथे कामाचे पैसे नगावर मिळतात, तिथे स्वस्त प्रोसेसरकडून महागाचं काम काढून घ्यायचा मोह कुणालाही होईल.

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार: मदरबोर्डवरचं घड्याळ गुणिले चिपमधला गुणक. इंटेलच्या आय-थ्री ६१०० मध्ये १०० मेगाहर्ट्झला ३७ ने गुणायचं, झाले ३.७ गिगाहर्ट्झ. नव्वदच्या दशकात कंपनीने हा गुणक कुलूपबंद केला. काही लबाड व्यापारी स्वस्त चिपवरचा छाप खोडून वरचा आकडा टाकत आणि विकत, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. पण कुलूप लावलं की किल्लीही विकता येते, हे पुढे ‘के’ अक्षराच्या, मोकळ्या गुणकाच्या महाग चिपांनी दाखवलं.

गुणक हलत नसेल तर घड्याळ हलवायचं, एवढाच ओव्हरक्लॉकिंगच्या या विद्येचा गाभा. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेली सेलेरॉन ३००ए ही तिची लाडकी चिप. गुणक साडेचार, घड्याळ ६६. ते १०० वर नेलं की ३०० ची थेट ४५० मेगाहर्ट्झ. त्याच दिवशी बाजारात आलेल्या ४५० च्या पेन्टियम टू ची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती, सेलेरॉनची १४९. एएमडीच्या २००० सालच्या ड्युरॉनची तऱ्हा वेगळी. तिच्या पाठीवरचे बारीक पूल लेझरने तोडून गुणक बांधलेला असे. शिसपेन्सिलीने ते पूल गिरवले की ग्राफाइटमधून वीज जाऊन कुलूप उघडे. लेझरने हिरे कापणाऱ्या शहराला या प्रकाराची गंमत जास्त कळावी.

इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीने हा रस्ता जवळजवळ बंद केला. एकाच मूळ घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी सगळे बांधले गेले. १०० चे १०५ करतानाच डिस्क रुसायची. २०१५ च्या स्कायलेकमध्ये ही गाठ सुटली आणि डिसेंबरात काही मदरबोर्ड कंपन्यांनी त्यासाठी खास बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, काढले. १२७ गुणिले ३७, म्हणजे वरची आय-थ्री ४.७ गिगाहर्ट्झवर! बदल्यात चिपमधलं ग्राफिक्स बंद पडे, तापमानाचा आकडा भरवशाचा राहत नसे. काही आठवड्यांतच इंटेलने नव्या मायक्रोकोडने ही फट बुजवली.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं असतं. बायोसमध्ये घड्याळ दोन-तीन मेगाहर्ट्झने वाढवा, प्राइम९५ हा चिपचा कस पाहणारा प्रोग्राम तासन्‌तास चालवा, अडखळलं तर व्होल्टेज किंचित चढवा. स्क्रीन काळीच राहिली तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल काढायचा, थोडं थांबून परत बसवायचा. व्होल्टेजचा हिशेब मात्र निर्दयी आहे, कारण उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ चे १.३५ व्होल्ट आणि वेग २७ टक्के जास्त, म्हणजे उष्णता सुमारे ६० टक्के जास्त. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली मुळातच चाळिशीकडे झुकलेली असते. त्यात लूम्सच्या शेजारी राहणाऱ्याच्या हीटसिंकच्या पात्यांत धाग्यांची लव अडकते. तिथे आधी ब्रश फिरवावा, मग बायोस उघडावा.

हिऱ्याच्या प्लॅनिंगच्या संगणकावर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या खड्यातून तयार हिरा कसा काढायचा याचे असंख्य पर्याय तिथे मोजले जातात. ताणलेला प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असं नाही, कधी गुपचूप चुकीचं उत्तरही देतो. घरच्या गेमिंग मशीनवर खुशाल करा.

२०२२ मध्ये आय-फाइव्ह १२४०० वर हा खेळ पुन्हा जमला, पाच गिगाहर्ट्झच्या पुढे. पण त्यासाठी लागणारे, स्वतंत्र घड्याळ असलेले बोर्ड सुरुवातीला चिपपेक्षा कितीतरी महाग होते. काटकसरीची सगळी गंमत तिथेच संपली. साध्या बी६६० बोर्डावर त्याच चिपची ६५ वॅटची मर्यादा मात्र वाढवता येते आणि रॅमही वेगात चालवता येते. कुलपाला हात न लावता.