मका जगभर पोहोचला, चुना मागेच राहिला

ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा याहून अस्सल मराठी जेवण दुसरे कोणते असेल? पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, काजू, मका हेही तिकडचेच. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे सोवळ्यात शिजणाऱ्या उपवासाच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही जिन्नस सातासमुद्रापलीकडचे आहेत. ज्यांनी ही पिके हजारो वर्षे जोपासली, ते मूलनिवासी शेतकरी होते. त्यांची आठवण मात्र कोणत्याच ताटात नसते.

१४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला पोहोचला आणि दोन्ही गोलार्धांतली पिके, जनावरे आणि रोग एकमेकांत मिसळू लागले. अमेरिकेत घोडे, गाई, डुकरे, मेंढ्या, गहू आणि ऊस गेले. त्यांच्याबरोबर देवी आणि गोवरही गेले. युरोपात हे रोग पिढ्यानपिढ्या मुक्काम ठोकून होते. लहानपणी त्यातून जो वाचला, त्याला पुन्हा सहसा धोका नसे. अमेरिकेतल्या लोकांचा या रोगांशी कधी संबंधच आला नव्हता. १५२० मध्ये आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेल्या तेनोच्तित्लान या राजधानीत देवीची साथ आली, तेव्हा राजा क्वित्लाहुआकसुद्धा वाचला नाही. पुढच्या शे-दीडशे वर्षांत अनेक प्रदेशांतली मूलनिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांपर्यंत घटली, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. दोष एकट्या जंतूंचा नव्हता. जमीन हिसकावलेली, खाणीत सक्तीची मजुरी, घरात दाणा नाही, अशा माणसाला साधा तापही पुरतो.

मरणाऱ्यांची जागा भरायला आफ्रिकेतून माणसे पकडून आणली गेली. जहाजांवर चढवलेल्यांची संख्या सुमारे सव्वा कोटी होती आणि त्यातले बहुसंख्य उसाच्या मळ्यांसाठी राबवले गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, त्यामागे हाच इतिहास आहे. इतिहासकार आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९७२ मध्ये या सगळ्या घडामोडीला 'कोलंबियन एक्स्चेंज' हे नाव दिले आणि ते रूढ झाले. एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण. हा शब्द आम्हाला खटकतो. देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंची संमती असते.

या लुटीत काय घेतले आणि काय मागे टाकले, हे मक्याच्या गोष्टीतून नीट समजते.

सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. त्या गवताला जेमतेम डझनभर टणक दाणे येत. पिढ्यानपिढ्या चांगले बी निवडत त्यांनी आजचे कणीस तयार केले. मका शिजवायची त्यांची पद्धतही खास होती. दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर भिजू द्यायचे, धुवायचे आणि मग पाट्यावर वाटायचे. हे काम बायकांचे. चुन्यामुळे साल निघते, पीठ चिकट होते. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अशा रूपात अडकलेले असते की शरीराला ते मिळत नाही. चुन्यात उकळल्यावर ते मोकळे होते. यातले रसायनशास्त्र त्या बायकांनी मांडलेले नव्हते, पण अनुभवाने पारखलेले होते.

युरोपने बियाणे उचलले. पाट्यावर वाटणाऱ्या बाईकडून काही शिकायचे असते, हे कोणाच्या मनातही आले नाही. मका भरपूर पिकतो, स्वस्त पडतो, म्हणून तो गरिबांचे अन्न झाला. स्पेनच्या आस्तुरियास भागातले डॉक्टर गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये तिथल्या गरीब शेतकऱ्यांमधल्या एका विचित्र आजाराची नोंद केली. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, मग जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. उत्तर इटलीत मक्याच्या पिठल्यावर जगणाऱ्या शेतमजुरांत तो इतका पसरला की तिथले नाव कायम झाले, पेलाग्रा म्हणजे खरखरीत कातडी. मेक्सिकोत तोच मका रोज खाणाऱ्यांना हा आजार सहसा होत नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा अमेरिकेच्या दक्षिणेत थैमान घालू लागला. तिथे कापसाच्या शेतात वाट्याने राबणारी काळी-गोरी कुटुंबे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर दिवस काढत. कापूस पार दारापर्यंत लावलेला असे, भाजीला वाफा उरत नसे. डॉक्टर म्हणत, हा संसर्ग आहे. वंशशुद्धीचा पुरस्कर्ता चार्ल्स डेव्हनपोर्ट याने दोष आनुवंशिकतेवर टाकला. माणसाच्या अवस्थेचे खापर त्याच्या जन्मावर फोडायची ही रीत आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

१९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. ते हंगेरीतून लहानपणी स्थलांतरित झालेल्या गरीब ज्यू कुटुंबातले होते. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. अनाथालयात आणि मनोरुग्णालयात राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने पगार विचारला नसता. मिसिसिपीतल्या अनाथालयांत त्यांनी मुलांच्या जेवणात दूध, अंडी आणि मांस वाढवले, आणि आजार हटला. मग तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षामाफीच्या बदल्यात मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवले, तर अकरापैकी निदान सहा जणांना पेलाग्रा झाला. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) तरी डॉक्टर मंडळी ऐकेनात. तेव्हा गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना दिलेला सल्ला आम्हाला इथे आठवतो.

नेमके कारण, म्हणजे नायसिनची कमतरता, १९३७ मध्ये सापडले. तोवर गोल्डबर्गर हयात नव्हते.

ही गोष्ट फार दूरची वाटत असेल तर दख्खनकडे पाहू. गेल्या शतकात हैदराबादचे पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी आपल्याच पठारावर पेलाग्राचे रुग्ण नोंदवले. ते जवळपास फक्त ज्वारीवर जगणारे गरीब लोक होते. ज्वारी वाईट धान्य नव्हे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडे, मटण असेल तर हा आजार सहसा फिरकत नाही, कारण त्यांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर स्वतः नायसिन बनवते. नुसती कोरडी भाकरी खायची वेळ कोणावर येते, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून शाळेतल्या अंड्याचा वाद आम्हाला आवडीनिवडीचा वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे खात नाहीत त्यांना केळे होते, सक्ती कोणावरच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला गेला आणि अंडे द्यायचे तर लोकसहभागातून पैसे उभे करा, असे शाळांना सांगण्यात आले. वस्तीतल्या शाळेत लोकसहभाग म्हणजे ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज आहे तेच पालक, आणि त्यातले बहुतेक रोजंदारीवर जातात.