मोबाइलनं धीर दिला, हे कसं कळतं?

सुरतेच्या लिंबायत-उधन्यात खानदेशी घरं बरीच. तिथं कुणाला कर्करोग झाला की गावाकडची विचारपूस फोनवरच होते. आता मनाला धीर देणारी ॲपंही निघाली आहेत. त्यांचा खरंच उपयोग झाला, हे ठरवायचं कसं?

माणूस मदत शोधतो तो अगदी खचलेला असताना. पुढं मन बरेचदा आपसूकच थोडं सावरतं, काढा न घेताही सर्दी उतरावी तसं. श्रेय मात्र ॲपला! म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला ॲप, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. दोघांत फरक पडला, तरच ॲपचं काही खरं.

मोजायचं कशानं? झिगमंड आणि स्नेथ यांची १९८३ सालची, चिंता-नैराश्य मोजणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली आजही वापरतात. तिची खुबी अशी, की थकवा, झोप, भूक यांबद्दल ती विचारतच नाही. ते तर किमोथेरपीनंही बिघडतं. ती विचारते धास्तीबद्दल, हसू येतं का याबद्दल.

ॲप मधेच सोडणाऱ्यांना हिशेबातून वगळलं, की निकाल उगाच गोड दिसतो. जास्त बेजार झालेले त्यांतच असू शकतात. शिवाय अहिराणी बोलणाऱ्या आजीला गुजरातीतला प्रश्न नीट कळलाच नाही, तर तिच्या उत्तराला गुण कसले द्यायचे?