बंबाच्या जागी आलेल्या पंपातला गॅस

कोल्हापुरातल्या पाच माणसांच्या घरात सकाळच्या आंघोळीला २०० लिटर गरम पाणी लागतं असं धरू. २५ अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला गीझर ७ युनिटं खातो. हीट पंप तेच काम अडीच युनिटांत उरकतो, कारण तो उष्णता तयार करत नाही. गच्चीवरच्या हवेतली उपसून पाण्यात सोडतो. आपल्या थंडीत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे उपसायला उष्णता भरपूर. रोजची बचत साडेचार युनिटं.

हा उपसा करणारा गॅस कोणता, हे मात्र दुकानात क्वचितच कुणी विचारतं. एक किलो आर-४१०ए गॅस हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप वाढवतो. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरला, तर ही एक गळती ३,००० युनिटांना पडली. पावणेदोन वर्षांची बचत पाण्यात! आर-३२ चा आकडा ६७५, म्हणजे सात महिन्यांची बचत. आर-२९० चा ३; एका दिवसात फिटतो.

आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या शेगडीच्या गॅसचा भाऊबंद. गोदरेजने २०१२ च्या सुमारास त्यावरचे एसी बाजारात आणले. कारखाना पुणे-कोल्हापूर महामार्गावर, शिरवळला. दीड टनी एसीत तो साधारण ३६० ग्रॅम असतो, १४.२ किलोच्या सिलिंडरचा चाळिसावा हिस्सा. तरीही बेफिकिरी नको. शेगडीच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला नसतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली साचतो. म्हणून हीट पंप मोकळ्या गच्चीवर बरा, न्हाणीघराच्या बोळात नको. दाब जवळपास सारखा म्हणून जुन्या आर-२२ च्या यंत्रात प्रोपेन भरून देणारे भेटतात. त्या यंत्रातले स्विच ठिणगी धरून बनवलेले नसतात. त्यांना साफ नाही म्हणा.

भारतात २०२८ पासून आर-४१०ए, आर-३२ यांच्या कुळातल्या गॅसांचा एकूण वापर गोठवायचा आहे. २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. घरातलं काम त्याहून सोपं. बंद नळीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. मेकॅनिक ‘गॅस मारायला’ आला, तर आधी गळती दाखवायला सांगा, नायट्रोजनने तपासायला लावा, व्हॅक्यूम ओढून झाल्यावर गॅस काट्यावर मोजूनच भरून घ्या.