शेजारी ‘अफोर्डेबल’ आलं की भाव पडतात?

अमेरिकेतल्या लहान शहरात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा प्रस्ताव प्लॅनिंग बोर्डापुढे आला की सभागृहातून एक वाक्य हमखास येतं: आमच्या घरांचे भाव पडणार. न्यू जर्सीत घर घेऊन स्थिरावलेल्या मराठी मंडळींच्या तोंडीही ते असतं. पुरावा मागितला तर ‘त्यात काय, उघडच आहे’. उघड काहीच नाही, आणि बरंचसं चूक आहे. मुळात ही घरं उभी कशी राहतात हे ठाऊक नसल्यामुळे ही भीती टिकून आहे. १९८६च्या करसुधारणा कायद्यातून आलेल्या, या घरांमागच्या कर-क्रेडिट योजनेत सरकार स्वतः घरं बांधत नाही. राज्यांना कर-क्रेडिटचा कोटा मिळतो, राज्याची गृहवित्त संस्था प्रकल्प निवडते, आणि बिल्डर त्या क्रेडिटच्या बदल्यात, बहुधा एखाद्या बँकेकडून, बांधकामाचं भांडवल उभं करतो. बँक ते क्रेडिट दहा वर्षं आपल्या करातून वळतं करून घेते. मेख पुढे आहे. पहिल्या पंधरा वर्षांत भाडं मर्यादेबाहेर गेलं किंवा इमारत राहण्यालायक ठेवली नाही, तर घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग सरकार व्याजासकट परत मागू शकतं. म्हणजे गळक्या नळाची काळजी भाडेकरूइतकीच बँकेलाही असते. सेंट लुइसमधली, १९७२पासून पाडली गेलेली प्रुइट-आयगोची सरकारी संकुलं आठवून या घरांना नाकं मुरडणारे दोन वेगळ्या व्यवस्थांची गल्लत करतात.

आता भावांकडे वळू. न्यू जर्सीतली माउंट लॉरेल ही चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीची टाउनशिप. इथल्या घरांचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७५ आणि १९८३ साली गाजलेले निकाल लागले, तरी लोक राहायला आले ते २००० सालच्या अखेरीस. कर-क्रेडिटच्या आधारावर उभ्या राहिलेल्या, त्या खटल्यातल्या फिर्यादी एथेल लॉरेन्स यांच्या नावाच्या वसाहतीत १४० घरं आहेत. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी भाव, गुन्हे आणि कर यांची आधीची-नंतरची आकडेवारी शेजारच्या टाउनशिपशी ताडून पाहिली. २०१३च्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष मांडला: वसाहतीमुळे यातलं काहीही बिघडलं नाही. लगतच्या रहिवाशांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना तर अशी वसाहत शेजारी आहे हेच माहीत नव्हतं. तीस वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली, ती उभी राहिल्यावर दिसलीही नाही!

एका वसाहतीवरून सगळीकडचं कसं ठरवायचं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून रेबेका डायमंड आणि टिम मॅकक्वेड यांचा २०१९चा, पंधरा राज्यांतल्या प्रकल्पांवरचा अभ्यास पाहावा. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत अशा इमारतीपासून सुमारे १६० मीटरच्या आत भाव साडेसहा टक्क्यांनी वाढले. सधन, प्रामुख्याने गोऱ्या वस्त्यांत ते अडीच टक्क्यांनी उतरले. हे दुसरं वाक्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ‘भाव पडतील’ असं सरसकट सांगणारे पहिलं वाक्य कधी उच्चारत नाहीत, आणि अडीच टक्क्यांना ‘पडणं’ म्हणायचं तर शब्दांना काही अर्थ उरत नाही.

किरकोळ गैरसमज झटपट उरकू. घरं फुकट नसतात; भाडं द्यावंच लागतं. त्या भाड्याची मर्यादाही परिसराच्या मध्यम उत्पन्नावरून ठरते, भाडेकरूच्या पगारावरून नव्हे. म्हाडाच्या सोडतीसारखी इथे मालकी मिळत नाही. करसवलत भाडेकरूला नाही, गुंतवणूकदाराला. आणि क्रेडिटचा भार केंद्रीय तिजोरीवर पडतो, नगरपालिकेवर नाही; मालमत्ता करात वेगळी सूट दिली असेल तर तो स्थानिक सौदा, तो जरूर तपासावा.

बोर्डाला धारेवर धरायचंच असेल तर योग्य जागी धरा. पंधरा वर्षांनी वसुलीची भीती संपते. भाड्याची बंधनं कागदोपत्री किमान तीस वर्षांची असली, तरी पंधरा वर्षांनंतर त्यांतून सुटण्याची एक पळवाट कायद्यातच आहे. आपल्या शहरातल्या प्रकल्पाच्या करारात ती बुजवली आहे का, एवढं पुढच्या सभेत विचारा.