कोळसा, धूर आणि धीर : धुरावर शिजवायला शिकताना



आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले, सुना, जावई अमेरिकेत आहेत. तिकडे राहून आलेले आजी-आजोबा एक गोष्ट हमखास सांगतात : शनिवारी सकाळी मुलगा परसात कोळसा पेटवतो आणि ताटात घास पडतो तो संध्याकाळी! "एवढा वेळ तो करतो तरी काय?" हा त्यांचा प्रश्न. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सभासदांनी तो प्रकार बडोद्यात करून पाहिला. पहिल्या खेपेला मटण बाहेरून काळे, आतून चिवट आणि चवीला कडू झाले. एक वाजता जेवायला बोलावलेल्या ज्येष्ठांना तीन वाजता वरणभात वाढायची वेळ आली. त्यानंतरच्या चार-पाच रविवारी जे उमगले ते इथे मांडत आहोत, म्हणजे नव्याने करणाऱ्यांना आमच्या चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

भाजणे वेगळे, धुरावर शिजवणे वेगळे

निखाऱ्यावर वांगे भाजणे किंवा कबाब शेकणे आपल्याला नवे नाही. तिथे आच प्रखर असते आणि काम मिनिटांत होते. धुरावर शिजवताना पदार्थ निखाऱ्यांच्या थेट वर ठेवतच नाहीत. झाकण लावलेल्या भांड्यात एका बाजूला निखारे, दुसऱ्या बाजूला पदार्थ, आणि आतली हवा 110 ते 120 अंश सेल्सिअस एवढीच गरम. या मंद आचेवर मांस कित्येक तास राहते.

ही पद्धत अमेरिकेच्या दक्षिण भागात रुजली. टेक्सासात गोमांसाचा छातीकडचा भाग, तर कॅरोलिनात डुकराचा खांदा, म्हणजे भरपूर राबलेले, चिवट भाग त्यासाठी घेतात. अशा भागांत कोलॅजन नावाचे प्रथिन पुष्कळ असते. सावकाश शिजताना त्याचे जिलेटिन होते आणि मांस मऊ पडते. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते ना, ते याच जिलेटिनमुळे. म्हणून आम्ही बोकडाचा खांदा निवडला. पहिल्या खेपेची चूक अशी की आतले तापमान 75 अंशांवर गेल्याबरोबर तो 'शिजला' म्हणून उतरवला. तो शिजला होता हे खरे, पण मऊ झाला नव्हता. बोटांनी सुटा व्हायला आतले तापमान 90 ते 95 अंशांपर्यंत जावे लागते. दोन किलोच्या खांद्याला पाच ते सात तास धरून चालावे.

भांडे आणि कोळसा

1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा कापून झाकणाची गोल शेगडी बनवली. तिचीच भावंडे आज आपल्याकडेही मिळतात. पण महागडे भांडे हवेच असे नाही. घट्ट झाकण, खाली एक झरोका आणि वर एक झरोका एवढे असले की काम भागते.

कोळसा म्हणजे कमी हवेत तापवलेले लाकूड. पाणी आणि वाफ होऊन जाणारी द्रव्ये निघून जातात, उरतो तो मुख्यतः कार्बन. म्हणून चांगला पेटलेला कोळसा जवळजवळ बिनधुराचा जळतो. आपल्या गुजरातेत कच्छकडून येणारा कोळसा बहुतेक गांडो बावळाचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा असतो. आणि गंमत अशी की ही मुळात अमेरिका खंडातली झाडे. टेक्सासमध्ये ज्या मेस्कीट लाकडाचे एवढे कौतुक, त्याच कुळातली. म्हणजे ज्याच्या शोधात आम्ही आयातीच्या दुकानांत फिरलो, ते कोपऱ्यावरच्या वखारीत पोत्यात पडले होते!

पेटवण्यासाठी रॉकेल वापरू नये, त्याचा वास पदार्थात उतरतो. पत्र्याच्या नळकांड्यात वर कोळसा आणि खाली चुरगळलेले वर्तमानपत्र घालून पेटवावे. पंधरा-वीस मिनिटांत कोळशावर राखेचा करडा थर येतो. तोपर्यंत थांबावे.

आग आवरायची कशी

खरे कसब इथे आहे. आम्ही पहिल्या खेपेला सगळाच कोळसा एकदम पेटवला. तासाभरात भांडे भट्टीसारखे तापले आणि दोन तासांनी निखारे संपले. अनुभवी मंडळी उलटे करतात. न पेटलेल्या कोळशाचा ढीग रचायचा आणि वर मूठभर पेटलेले निखारे ठेवायचे. आग हळूहळू खाली सरकते. अमेरिकेतल्या स्पर्धांत ही पद्धत रूढ करणाऱ्या जिम मिनियन यांच्यावरून तिला 'मिनियन पद्धत' म्हणतात. गोल शेगडीत कोळशाच्या सारख्या आकाराच्या वड्या कडेने अर्धवर्तुळात रचून एकाच टोकाला पेटवतात. सापासारखी आग पुढे सरकत राहते.

पुढचे काम झरोक्यांचे. हवा जास्त तर आग जास्त. वरचा झरोका उघडा ठेवून खालच्याने तापमान राखावे. बदल केल्यावर पंधरा मिनिटे वाट पाहावी. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून डोकावण्याचा मोह मात्र आवरावा. प्रत्येक वेळी आतली उष्णता निघून जाते आणि ताजी हवा मिळून आग भडकते. पदार्थाच्या जाळीखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवले तर तापमान स्थिर राहायला मदत होते.

धूर किती?

चव येते ती निखाऱ्यांवर ठेवलेल्या लाकडाच्या ढलप्यांमधून. मुठीएवढ्या तीन-चार पुरतात. आंबा, पेरू किंवा बाभळीचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड किंवा चिकाळ लाकूड कधीही नको. ढलप्या पाण्यात भिजवायची गरज नसते. आधी नुसती वाफ निघते आणि धूर उशिरा येतो, एवढेच. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्यानेच कडवटपणा येतो. धूर पातळ, निळसर झाला की मगच पदार्थ ठेवावा. आमचे मटण कडू झाले ते पांढऱ्या धुराच्या लोटात घाईने ठेवल्यामुळे.

काटा अडतो तेव्हा

आतले तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी थांबते आणि तासन्‌तास हलत नाही. नवशिके इथेच घाबरतात, आणखी कोळसा ओततात. आम्हीही ओतला. कारण मात्र आपल्या ओळखीचे आहे. माठातले पाणी बाहेर झिरपून वाळते आणि माठ गार राहतो. तसाच मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन वाळत असतो आणि जितकी उष्णता मिळेल तितकी खर्चून टाकतो. अशा वेळी वाट पाहावी, नाहीतर अॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळावे. वाळणे थांबते आणि काटा पुन्हा चढू लागतो. उतरवल्यावर अर्धा-पाऊण तास झाकून ठेवूनच सोडवावे.

शाकाहारी पंगतीसाठी

आमच्या निम्म्या सभासदांसाठी वेगळी शेगडी ठेवली, आणि जाळी व चिमटेही वेगळे. वांगी, रताळी, कांदे, टोमॅटो, पनीर यांना एवढे तास लागत नाहीत. पनीरला अर्धा तास धूर पुष्कळ होतो. धुरावलेल्या टोमॅटोची चटणी सर्वात आधी संपली. ज्येष्ठांना हे फार परके वाटले नाही. रायगडकडची पोपटी, इथला उलट्या माठातला उंधियु आणि निखाऱ्यावर तूप सोडून वाटीने दिलेला धूर हे सगळे त्यांनी केलेले किंवा पाहिलेले आहे.

ही काळजी घ्यायलाच हवी

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो जीव घेतो. घरात, बंद गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत कोळसा कधीही पेटवू नये, विझत आलेली शेगडीही आत आणू नये. गच्चीवर करताना प्लास्टिकच्या टाक्या आणि मांडवाचे कापड लांब ठेवावे. उत्तरायणाच्या दिवशी कागद आणि दोऱ्याच्या गर्दीत तर नकोच. राख दुसऱ्या दिवशीपर्यंत धगधगती राहू शकते, ती पत्र्याच्या डब्यातच काढावी. कोंबडी आतून किमान 74 अंशांवर गेल्याशिवाय वाढू नये. दम्याचा त्रास असणाऱ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावे.

एकमेकांकडून शिकणे

ही विद्या नुसती वाचून येत नाही, एकट्याने शिकली तर वर्षे जातात. आम्ही एक वही ठेवली. कोळसा किती, लाकूड कोणते, वारा कसा, कोणत्या वेळी किती तापमान, शेवटी चव कशी, सगळे त्यात लिहिले. दर खेपेला एकच गोष्ट बदलायची हा नियम केला. आणि बिघडलेले पान फाडायचे नाही हा दुसरा. चौथ्या रविवारी खांदा हाताने सुटला. त्या दिवशी आच सांभाळायला ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या. चुलीवर आयुष्य काढलेल्या त्यांच्या हाताला झरोक्याचे गणित आमच्या थर्मामीटरच्या आधी कळले. शेजारी त्यांचा नातू आकडे लिहीत होता.

आचेचे हे ज्ञान आपल्या घरांतून गॅसबरोबर हळूहळू जात आहे. ज्यांच्या हातात ते अजून आहे त्यांना विचारण्याची ही एक चांगली सबब आहे. वही मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. पहिले पान आमच्या कडू मटणाचे आहे. पुढची पाने आपण भरावीत.