नियमाबाहेरचा उजेड

भाईंदरच्या खाडीकांठीं तिवरांचीं दाट रानें आहेत. तिवराचीं पानें वाटून त्यांचा अर्क स्पिरिटांत काढावा व काळोखांत त्यावर निळा प्रकाश टाकावा. हिरवा अर्क लाल उजेड देऊं लागतो. प्रकाश शोषून लगेच निराळा प्रकाश परत देण्याच्या ह्या क्रियेस अनुस्फुरण म्हणतात. परंतु निळ्या प्रकाशांत लालपेक्षां शक्ति अधिक. मग उरलेली शक्ति जाते कोठें?

रेणूच्या शक्तीस जिन्यासारख्या पायऱ्या असतात. लाल प्रकाश पानांतील हरितद्रव्याच्या रेणूस पहिल्या पायरीवर नेतो, निळा त्याहून वर. पण वर गेलेला रेणु तेथें थांबत नाहीं. जादा शक्ति उष्णतेच्या रूपानें टाकून तो क्षणार्धांत पहिल्या पायरीवर उतरतो व तेथूनच उजेड देतो. म्हणून प्रकाश कोणताहि द्या, परत येतो तो लालच. बहुतेक रेणूंची रीत हीच आहे, हा नियम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मायकेल काशा ह्यांनीं १९५० सालीं मांडला.

पांचच वर्षांनीं ह्या नियमास आव्हान मिळालें, तें अझुलीन नांवाच्या गडद निळ्या पदार्थाकडून. कपाटांत ठेवण्याच्या डांबरगोळीतलें पांढरें नॅप्थॅलीन आणि हें अझुलीन ह्यांची घटना एकच: कार्बनचे १० अणु, हायड्रोजनचे ८. नॅप्थॅलीनमध्यें कार्बनच्या सहा-सहा अणूंचीं दोन कडीं असतात. अझुलीनमध्यें एक कडें पांचांचें, दुसरें सातांचें. एवढ्याशा फरकानें रंग पालटतो आणि उजेडाची रीतहि पालटते. १९५५ सालीं बिअर व लाँगेट-हिगिन्स ह्यांना आढळलें कीं, अझुलीन दुसऱ्या पायरीवरूनच प्रकाश देतें.

अशा वेळीं पहिला संशय भेसळीवर जातो, कारण परक्या पदार्थाचा कणहि खोटा उजेड दाखवूं शकतो. पण १९५६ सालीं विश्वनाथ व काशा ह्यांनीं त्या निष्कर्षास दुजोरा दिला. आपल्याच नियमाच्या अपवादावर काशा ह्यांनीं स्वतः सही केली.

कारण पायऱ्यांच्या अंतरांत आहे. अझुलीनची दुसरी पायरी पहिलीपासून फार उंच आहे. तेथून उतरणें सोपें नाहीं. रेणु तेथें सुमारें सेकंदाचा अब्जांश टिकतो, आणि तेवढा अवधि प्रकाश देण्यास पुरतो. पहिल्या पायरीवरून मात्र तो त्याच्या सुमारें हजाराव्या भागांत, जवळजवळ उजेड न देतांच, तळाशीं पोहोंचतो.

तिवराचें पान नियम पाळतें, अझुलीन तो मोडतें. दोहोंचें कारण एकच. अपवादानें नियम खोटा ठरला नाहीं. तो कशाच्या आधारावर उभा आहे, तें मात्र उघड झालें.